घाटावरचे गोल, घाटाखालच्या रेघा

मागच्या डिसेंबरात शिक्षण परिषदेहून घरी येताना मी मेथीची जुडी विसरलो आणि संकल्पना-नकाशा घेऊन आलो. बायकोने पिशवीत हात घातला तर कार्डशीटची गुंडाळी हाताला लागली. ती उलगडून तिने त्यावरचे गोल नि रेघा नीट पाहिल्या आणि विचारलं, "हे शिजतं का?"

शिजायला फेब्रुवारी उजाडला.

परिषदेत जे सुलभक होते (प्रशिक्षण देणाऱ्याला आमच्या खात्यात सुलभक म्हणतात, विषय दर वेळी सुलभ होतोच असं नाही) त्यांनी सांगितलं ते असं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक नावाचे प्राध्यापक होते. लहान पोरांना विज्ञान कितपत उमगतं हे पाहायला त्यांची मंडळी त्याच त्या पोरांच्या मुलाखती वर्षानुवर्षं घेत राहिली. मुलाखतींची एवढी बाडं साठली की वाचणारा त्यात गडप व्हावा. तेव्हा १९७२ साली त्यांनी एक युक्ती काढली. पोराच्या बोलण्यातल्या कल्पना एकेका गोलात लिहायच्या, गोल रेघांनी जोडायचे, आणि प्रत्येक रेघेवर जोडशब्द लिहायचा. सगळी मेख या जोडशब्दात. 'पाणी' आणि 'वाफ' असे दोन गोल काढून मध्ये नुसती रेघ ओढली तर कोणीच काही बोललं नाही. रेघेवर 'तापलं की होते' असं लिहिलं की वाक्य झालं, आणि पोराला काय कळलं नि काय नाही ते उघड्यावर आलं. नोव्हाकने ज्याच्या पायावर हे उभं केलं त्या डेव्हिड ऑसुबेल या मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं तर पारावरच्या कोणत्याही म्हाताऱ्याला पटेल: पोराच्या डोक्यात नवं घालण्याआधी तिथे आधीच काय भरलंय ते बघा.

विज्ञानासाठी निघालेली ही युक्ती 'आपली सामायिक सांस्कृतिक ओळख' यासारख्या धुरकट विषयालाही लावून पाहा, असं सुलभकांनी सुचवलं आणि ते जेवायला गेले.

आमच्या पोरांना गोल-रेघांचं काही नावीन्य नाही. इतिहासाच्या पेपरात 'संकल्पनाचित्र पूर्ण करा' हा प्रश्न येतोच. मध्ये एक भरलेली चौकट, भोवती चार रिकाम्या. त्या रिकाम्या चौकटींत काय भरायचं हे बोर्डाला ठाऊक असतं, गाईडला ठाऊक असतं, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पोरालाही ठाऊक होतं. म्हणून मी फळ्यावर मधोमध 'आपली संस्कृती' लिहून गोल केला, तेव्हा नववीच्या वर्गाने पहिला प्रश्न विचारला, "सर, किती मार्काला?" दुसरा प्रश्न, "सर, चारच गोल ना?"

दहा मिनिटांत कागद गोळा झाले. जवळजवळ सगळ्यांवर तेच चार गोल: सण, पोशाख, भाषा, खाद्यपदार्थ. पोशाखाखाली धोतर आणि नऊवारी. आता या वर्गातल्या एकाही पोराचा बाप धोतर नेसत नाही. आजा नेसत असेल तर तोही फक्त पंढरपूरला जाताना. रेघा सगळ्यांनी ओढल्या होत्या, पट्टी लावून, अगदी सरळ. आणि सगळ्या कोऱ्या.

दुसऱ्या दिवशी मी कागद परत दिले. म्हटलं, गोल किती काढायचे ते तुमचं तुम्ही ठरवा, मार्क शून्य, पण कोरी रेघ दिसली तर कागद माघारी. रेघेवर असा शब्द हवा की तुमच्या घरात कोण काय करतं ते मला कळलं पाहिजे. यावर वर्गात जी शांतता पसरली ती मी गणिताच्या तासालाही कधी ऐकली नव्हती.

पुढे जाण्याआधी आमचा जिल्हा थोडा सांगायला हवा, नाहीतर या रेघा कुठून कुठे गेल्या ते कळायचं नाही. बुलढाण्याच्या माणसाला गाव विचारलं की तो गाव सांगण्याआधी 'घाटावरचा' की 'घाटाखालचा' ते सांगतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन मजले केले आहेत. वरच्या मजल्यावर बुलढाणा, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार. खालच्या मजल्यावर मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव आणि पार सातपुड्याला टेकलेले जळगाव जामोद नि संग्रामपूर. बुलढाणा शहर वरच्या मजल्याच्या गॅलरीत बसलंय. तिथून एसटी राजूर घाट उतरली की हवा, बोली आणि भाजीतलं तिखट, तिन्ही बदलतात. मलकापूरच्या बोलीत खानदेश डोकावतो. देऊळगाव राजाचं पोर जालन्याकडे तोंड करून 'मव्हं' म्हणतं, खामगावचं 'माह्यावालं' म्हणतं, आणि दोघं मिळून पुस्तकातल्या 'माझं'ला हसतात.

त्यात राजकारभाराचा इतिहास आणखी वेगळा. हा वऱ्हाडचा मुलूख निजामाचा, तो १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला. माझे आजोबा ज्या ओट्यावर जन्मले त्याच ओट्यावर म्हातारे झाले. तेवढ्यात त्यांचं राज्य आधी मध्यप्रांत-वऱ्हाड होतं, १९५० मध्ये मध्य प्रदेश झालं, १९५६ मध्ये मुंबई राज्य आणि १९६० मध्ये महाराष्ट्र. ओटा सोडून ते कुठे गेले नाहीत. त्यांना कोणी 'तुम्ही कुठले' असं विचारलं असतं तर त्यांनी विचारणाऱ्यालाच विचारलं असतं, "कोणत्या सालातलं सांगू?"

तर वर्ग. शाळेला लागून वसतिगृह असल्याने आमच्या नववीत दोन्ही मजल्यांची पोरं एका बाकावर बसतात. त्यांचे कागद हळूहळू भरायला लागले. सिंदखेड राजाच्या मुलीच्या कागदावर मध्ये 'जिजाऊ' असणार हे मला माहीतच होतं. जिजाऊंचं जन्मस्थान, लखुजी जाधवांचा राजवाडा, १२ जानेवारी, हे सगळं तिला पाठ. पण जिजाऊंपासून तिच्या घराकडे जी रेघ आली होती तिच्यावर लिहिलं होतं: 'मुळे पाहुणे येतात'. दर १२ जानेवारीला गावात एवढी माणसं लोटतात की तिच्या घरी पंचवीस-तीस ओळखीचे-बिनओळखीचे पाहुणे जेवतात. तिच्या लेखी जिजाऊ म्हणजे आईने पहाटे तीनला पेटवलेली चूल. इतिहासाच्या पुस्तकात ही चूल नाही, पण मला वाटतं जिजाऊंना ती समजली असती.

लोणारच्या पोराच्या कागदावर सरोवर होतं. तिथे दोन रेघा. एक 'उल्का' या गोलातून आलेली, तिच्यावर 'पडली'. दुसरी 'लवणासुर' या गोलातून, तिच्यावर 'मारला'. मी मास्तरकीच्या सवयीने विचारलं, "यातलं खरं कोणतं?" तो म्हणाला, "सर, पाव्हण्यांना उल्का सांगतो, आजीला लवणासुर." बेसाल्ट खडकातलं ते पावणेदोन-दोन किलोमीटर व्यासाचं विवर, दैत्यसूदनाचं देऊळ, २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालेलं पाणी, त्याच साली मिळालेला रामसरचा दर्जा, हे सगळं त्याला येत होतं. पण सरोवरापासून 'आम्ही' या गोलाकडे गेलेल्या रेघेवर त्याने लिहिलं होतं, 'पाहत नाही, शेळ्या चारतो'. जगभरचे लोक जे पाहायला येतात त्याच्या काठावर शेळी वळवत उभं राहण्यात जी ऐट आहे ती मला त्या चार शब्दांत दिसली.

सैलानी तिघांच्या कागदांवर होतं. पिंपळगाव सराईजवळचा सैलानीबाबांचा दर्गा, होळीच्या सुमाराला तिथे भरणारी यात्रा, नारळांची होळी. हिंदू-मुसलमान दोघंही तिथे जातात, त्यामुळे 'सामायिक संस्कृती' म्हटलं की आमच्या भाषणांत सैलानी येतोच. मीही तयारीत होतो. पण पोरांच्या रेघांवर 'सलोखा' नव्हता. एकीने लिहिलं होतं, 'ला मावशीने नवस फेडला'. एकाने, 'मध्ये अब्बा बांगड्यांचं दुकान लावतात'. तिसऱ्याचे वडील एसटीत ड्रायव्हर. त्याने लिहिलं, 'ला जादा गाड्या सोडतात म्हणून होळीला बाबा घरी नसतात'. तिघं एकाच बाकावर बसून हे लिहीत होते आणि एकमेकांचं पाहून हसत होते. सलोखा कदाचित त्या बाकावर होता. मी तो फळ्यावर लिहायला उठलो आणि परत बसलो.

शेगावच्या कचोरीवरून मात्र भांडण झालं. शेगावची मुलगी म्हणाली, कचोरी 'आमची'. खामगावचा म्हणाला, आमची काय, प्लॅटफॉर्मवर पैसे टाकले की कोणाचीही. मी मध्ये पडलो आणि सांगून टाकलं की फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या एका शर्मा कुटुंबाने शेगावच्या रेल्वे स्टेशनावर ही कचोरी सुरू केली. वर्ग गप्प. कोणाच्या घरातलं जुनं गुपित मी चारचौघांत फोडलं की काय असं मला वाटून गेलं. मुलीने थोडा विचार केला. खोडरबर उचलला नाही. तिने 'पंजाब' असा नवा गोल काढला, कचोरीपर्यंत रेघ ओढली आणि वर लिहिलं, 'हून आली, आता परत जात नाही'.

ओळखीच्या विषयावर मोठमोठ्या परिसंवादांत मी बसलो आहे. तिथे एवढ्यावर मिटत नाही.

एका कागदापाशी मात्र मला बराच वेळ थांबावं लागलं. सातपुड्याच्या पायथ्याकडचा, संग्रामपूर तालुक्यातला कोरकू मुलगा. वर्गात फारसा बोलत नाही. त्याच्या मध्ये 'होळी' होती, भोवती भरगच्च गोल: ढोल, नाच, मामा, रात्र, मोहाची फुलं. रेघांवर दाटीवाटीने शब्द. आणि कागदाच्या पार कोपऱ्यात, सगळ्यांपासून लांब, 'मराठी' असा एक गोल. तिथपर्यंत एकच बारीक रेघ गेली होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'शाळेत'. कोरकू ही मराठीच्या नात्यातली भाषाच नाही, तिचं गोत मुंडा भाषांचं, संथाळीशी तिची भावकी. हे मला माहीत होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण त्या पोराला रोज सकाळी दहा वाजता त्या एका बारीक रेघेवरून चालत वर्गात यावं लागतं, हे मला त्या कागदाने सांगितलं. मी त्याला विचारलं, मामाला कोरकूत काय म्हणतोस? त्याने सांगितलं. मी म्हणून पाहिलं. वर्गाआधी तोच हसला. असं तोंड उघडून हसताना मी त्याला जूननंतर पहिल्यांदा पाहत होतो.

आता माझी पाळी होती. "सर, तुमचा काढा ना," असं पोरं म्हणाली, आणि मी खडू घेऊन फळ्यावर झरझर काढला. मास्तर आहे, हात बसलेला आहे. 'वारसा', 'परंपरा', 'सहिष्णुता', 'विविधतेत एकता'. रेघांवरही शब्द टाकले: 'मुळे', 'द्वारे', 'च्या माध्यमातून'. दोन पावलं मागे होऊन पाहिलं तर छान दिसत होतं, थेट तपासणीच्या दिवशी व्हरांड्यात लावावं असं. पहिल्या बाकावरची मुलगी बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "सर, तुमच्या रेघेवर कोणी काहीच करत नाही."

मी डस्टर शोधू लागलो. ते नेहमीप्रमाणे जागेवर नव्हतं, म्हणून बाहीने पुसलं.

रात्री घरी बसून मी पुन्हा काढला. 'भुलाबाई' हा गोल आला. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या मेहकरच्या घरात बहिणी भुलाबाईची गाणी म्हणायच्या. गाणी मला एकही धड आठवेना. डबा हलवून आत काय आहे ते ओळखायचं, ते तेवढं आठवलं. 'भुलाबाई' आणि 'मी' यांच्यामधल्या रेघेवर मी लिहिलं, 'ची खिरापत खायचो'. सव्वीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाचं लोकसंस्कृतीला योगदान: खायचो. पण क्रियापद तर होतं.

मग सगळ्यांचे नकाशे एकत्र करून एक मोठा करायचा, असं ठरलं. ज्याला 'सामायिक' म्हणतात ते निघतं तरी का, ते पाहू. प्रत्येकाने आपले गोल चिठ्ठ्यांवर उतरवले आणि आम्ही वर्गाच्या फरशीवर ते मांडायला लागलो. मला वाटलं होतं पोळा सर्वांच्यात निघेल. पण बैल आता किती घरांत उरलेत? दोघांनी पोळ्याच्या रेघेवर 'ट्रॅक्टर धुतो' असं लिहिलं होतं. गजानन महाराज पुष्कळांकडे होते. पालखी पंढरपूरहून परतताना मेहकरवरून खामगावला उतरते आणि शेगावी जाते, तेव्हा घाटावरची माणसं चहा पाजतात नि घाटाखालची पिठलं-भाकरी वाढतात. दोन मजल्यांना जोडणारी ही आडवी रेघ पोरांनी आपणहून ओढली. नोव्हाकच्या मंडळींना अशा आडव्या रेघांचं फार कौतुक. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात उडी मारणारी रेघ दिसली की पोर खरंच विचार करतंय असं ते मानतात. पण पालखीही सगळ्यांकडे नव्हती.

सगळ्यांकडे एकच गोल होता: एसटी.

मी म्हटलं, ही काय संस्कृती आहे का? पण रेघा पाहिल्या तर एसटीने मामाच्या गावाला जातो, एसटीने आजीचं लोणचं वसतिगृहावर येतं, एसटी होळीला बापाला नेते, एसटीतून कापसाचा भाव कळतो. आणि एका रेघेवर लिहिलेलं होतं, 'राजूर घाटात ओकारी येते'. "कोणाकोणाला?" मी विचारलं. सगळे हात वर. कोरकू मुलाचा, सिंदखेड राजाच्या मुलीचा, बांगडीवाल्याच्या पोराचा. लिंबू हुंगायचं की आवळासुपारी चघळायची यावरून लगेच दोन पंथ पडले. चिंचेची गोळी तोंडात धरणाऱ्यांचा तिसरा अल्पसंख्य गटही निघाला.

चिठ्ठ्या पंख्याने उडायला लागल्या तेव्हा जळगाव जामोदच्या पोराने दप्तरातून ज्वारीचे, तुरीचे दाणे काढून चिठ्ठ्यांवर वजन म्हणून ठेवले. (दप्तरात तूर का होती, हे विचारायचं नाही असा वसतिगृहाचा अलिखित नियम आहे.) आणि तो एकदम थांबून म्हणाला, "सर, हे तं भेंडवळची मांडणी झाली!"

जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात, ते पेपरात दर वर्षी येतं. अठरा धान्यं गोलाकार मांडायची. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, घागरीवर पापड-कुरडई, करंजी. खाली पानविडा-सुपारी, म्हणजे राजा. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केलेली ही प्रथा साडेतीनशे वर्षांची म्हणतात. रात्री तिकडे कोणी फिरकायचं नाही. पहाटे कोणता दाणा कुठे सरकला ते पाहून पाऊस, पीक, भाव आणि देशाचा राजा यांचं भाकीत सांगतात. ते ऐकायला विदर्भ, खानदेश, मराठवाड्यातून शेतकरी येतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाले दर वर्षी त्याला हरकत घेतात, आणि घ्यायलाच हवी. मीही वर्गाला सांगितलं, याला शास्त्रीय आधार नाही. पण त्या फरशीवरच्या मांडणीकडे पाहताना वाटलं, नोव्हाकच्या कितीतरी आधी आपल्याच जिल्ह्यात कोणीतरी जगातल्या साऱ्या काळज्या गोलात ठेवून पाहत होतं. फक्त जोडशब्द लिहायचं काम त्यांनी मुंग्यांवर आणि वाऱ्यावर सोपवलं होतं.

पोरांनी हट्ट धरला की ही मांडणी रात्रभर राहू द्यायची. झाडणाऱ्या मावशींना सांगितलं. मध्ये विडा हवा, तर वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाईंकडून एक पान आलं, तंबाखू काढून. "राजा कोण?" मी विचारलं. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मार्च सुरू झालेला, बदल्यांच्या याद्यांची कुजबुज गावभर होती, तिच्यात माझं नाव आहे हे मला कळायच्या आधी नववीला कळलेलं असणार. पानाखालच्या चिठ्ठीवर त्यांनी काय लिहिलं ते मला दाखवलं नाही.

सकाळी कुलूप काढलं तर फुटक्या काचेतून चिमण्या येऊन गेल्या होत्या. अर्धी ज्वारी गायब. चिठ्ठ्या इकडच्या तिकडे. जळगाव जामोदचं पोर उकिडवं बसलं, हात मागे बांधून, अगदी भाकीत सांगणाऱ्याच्या थाटात. "पोळा साधारण. मोबाईल तेजीत. मराठी सर्वसाधारण, पण कोरकूजवळ सरकली." खरंच सरकली होती, वाऱ्याने. "कचोरी चांगली. एसटी जाग्यावर."

"आणि राजा?" मुलींनी विचारलं.

पान तिथेच होतं. पण खालची चिठ्ठी चिमणीने ओढून अर्धी बाहेर काढली होती, आणि तिच्यावर माझं नाव होतं. पोराने मान तिरकी करून ते बराच वेळ निरखलं, माझ्याकडे पाहिलं आणि गंभीरपणे म्हणालं,

"सर मोघम."